दोन बोटांची ढील

पातुरात थट्टेनं म्हणतात, की जत्रेच्या गर्दीत नवरा एकवेळ बायकोला ओळखायला चुकेल, पण खातूनबी पाठमोरी बाई बरोबर ओळखेल. यात अतिशयोक्ती फार नाही. बत्तीस वर्षं जिनं अर्ध्या गावाचे ब्लाउज, परकर अन् कुर्ते शिवले, तिला खांद्याच्या उतारावरून माणूस कळणारच. तिच्या ओसरीवर शिलाई मशीन होतं, मशीनशेजारी कापडांचा ढीग, आणि खुंटीला लटकलेला पिवळा टेप. कुणब्यांच्या घरच्या बाया येत, मुसलमानांच्या घरच्या येत, मास्तरणी येत, नर्स येत, आणि टेप सगळ्यांभोवती सारखाच फिरे.

हे काम तिला बापानं शिकवलं. अय्युब मास्तर म्हणजे गावातला पहिला टेलर, अन् कडक माणूस. पण लेकीला त्यानं जे शिकवलं त्यात कडकपणा नव्हता. तो म्हणायचा, "बेटी, बाई माप द्याले उभी राहते, पन कपडा घालून उभी राहत नाई. वाकते, पीठ मळते, लेकरू उचलते. तिच्या श्वासाची जागा आपुन ठेवाची." ती जागा ठेवायची रीत सोपी होती. टेप अंगाभोवती घ्यायचा आणि त्याच्या आत डाव्या हाताची दोन बोटं सरकवायची. ती ढील मापातच येते, वेगळी धरावी लागत नाही. खातूनबी दहा वर्षांची असल्यापासून अशीच माप घेत आली. पापणी लवते तशी बोटं टेपखाली जात. तिला त्याची जाणीवही उरली नव्हती.

आता या बाईचा संशोधनाशी काय संबंध? संबंध आला तो माणिकबाईंच्या तोंडामुळे.

अकोल्याला जठारपेठेत एका साड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत डॉक्टर पौर्णिमा गावंडे यांचं केंद्र आहे. लठ्ठपणा आणि शुगर हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आपल्याकडची माणसं हातापायांनी काटकुळी, पण पोट तेवढं पुढे, अन् चाळिशी आली नाही तर शुगर दाराशी उभी. असं का, हा त्यांचा प्रश्न. पातूर भागातल्या सहाशे बायकांची कंबर मोजायची, रक्त तपासायचं, सहा महिने त्यांना रोज चालायला लावायचं, ताटात थोडा फेर करायला सांगायचा, आणि मग पुन्हा मोजायचं, असा बेत होता. मोठं केंद्र अमरावतीला. आकडे तिकडे जात आणि तिकडची माणसं ते चाळणीतून काढत.

बेत छान होता, फक्त बायका कंबर मोजू देत नव्हत्या. केंद्राची रागिणी नावाची पोरगी बिचारी टेप घेऊन दारोदार फिरली. माणिकबाई ढोरे यांच्या घरी तर तिची शोभाच झाली. माणिकबाई म्हणजे पातूरच्या वेशीवरचं भरलं घर, बावीस एकर काळी जमीन, आणि आवाज असा की वावरातून हाक मारली तर बैलसुद्धा थांबतील. त्यांनी रागिणीला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग विचारलं, "माह्या पोटाले टेप लावाले तू माही नणंद हायस का वं? आमच्या सगळ्या बायायचं माप खातूनबीपाशी हाय. तिले जाऊन इचार, अन् मले सैपाक करू दे."

रागिणीनं हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर गाडी काढून तडक खातूनबीच्या ओसरीवर आल्या आणि मापांची वही मागू लागल्या.

"वही?" खातूनबीनं मशीन थांबवलं. "बायायचं माप मी त्यायच्या नवऱ्यायले दाखवत नाई, मॅडम. तुमाले कशी दाखवू?"

डॉक्टर पौर्णिमा तिथेच खुर्चीवर बसल्या आणि हसत सुटल्या. सहा महिने ज्या गोष्टीसाठी त्या डोकं फोडत होत्या, ती या बाईनं एका वाक्यात सांगितली होती. बायकांना टेपची भीती नव्हती, आपलं माप कुणाच्या हाती जातं याची होती. त्यांनी वही मागणं सोडलं आणि खुद्द खातूनबीलाच मागून घेतलं.

आठवडाभर जठारपेठेत शिकवणी झाली. शेवटची बरगडी कुठे संपते, कमरेचं हाड कुठे लागतं, त्यांच्या मधोमध टेप कसा आडवा धरायचा, श्वास सोडल्यावर आकडा कसा वाचायचा, आणि एकेक माप दोनदा कसं घ्यायचं. टेप अंगाला टेकलेला हवा, दाबलेला नको. इंच विसरायचे, सेंटीमीटर लिहायचे. सराव रागिणीवर झाला, आणि समोर डॉक्टर उभ्या असल्यामुळे खातूनबीचे हात परीक्षेला बसल्यासारखे अवघडून पुस्तकाप्रमाणे चालले. आकडे बरोबर आले. गळ्यात फोटोचं कार्ड मिळालं, त्यावर ‘क्षेत्र सहायक’ असं छापलेलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी खातूनबी नोकरीला लागली. अमरावतीला दिलेली तिची लेक अलीझा सांगते, की अम्मी ते कार्ड गळ्यात घालूनच भाकऱ्या थापायची.

मग काय विचारता. ज्या घरांची दारं लागत होती ती उघडली. पडद्याआड बाई उभी राही, खातूनबी दोन्ही हातांनी तिला वेढा घाली, टेप मागून पुढे आणी, आकडा कार्डावर लिही आणि कार्ड उलटं करून ठेवी. तेवढ्या वेळात त्या बाईचं पोरगं, सून, गुडघा, सगळं ऐकून होई. सहाशे बारा बायका तिनं साडेतीन महिन्यांत मोजल्या. खुद्द माणिकबाई पहिल्या दिवशीच्या. त्यांची कंबर आली अठ्ठ्याण्णव. शुगर अजून झाली नव्हती, पण फार दूरही नव्हती.

माणिकबाईंचं एक आहे, एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. त्यांनी आळीतल्या चाळीस बायका गोळा केल्या आणि पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या लेण्यांपर्यंत चालत न्यायला सुरुवात केली. पुढे माणिकबाई, मागे फौज. जी उशीर करेल तिच्या दाराशी उभं राहून त्या तिचं नाव असं काही घेत, की दुसऱ्या दिवशी ती पाचलाच उठून बसे. पोळीची भाकर झाली, चहाची साखर गेली, तेलाच्या बुधलीला चमचा लागला.

सहा महिने भरले आणि दुसऱ्या फेरीची वेळ आली, तेव्हा नेमकी अलीझा बाळंत झाली. खातूनबीला तीन आठवडे अमरावतीला जावं लागलं. जाताना तिनं माणिकबाईंना फोन केला, "रागिणी येईन. पोरगी माहीच समज, मापू दे तिले." या वेळी रागिणीला दार उघडं मिळालं. तिनं माणिकबाईंच्या आळीतल्या चाळीसजणी मोजल्या, आणि काय सांगावं! चाळीसच्या चाळीस बायकांची कंबर कमी झालेली. कुणाची अडीच सेंटीमीटर, कुणाची साडेतीन. माणिकबाई अठ्ठ्याण्णववरून पंच्याण्णववर.

डॉक्टर पौर्णिमा रागिणीचे कागद हातात घेऊन दोन्ही खोल्यांतून फिरल्या म्हणतात. अमरावतीचे आकडेवाले विपुल तायडे गुरुवारी स्वतः यायचे ठरले. आणि माणिकबाईंनी आळीत वाटलं काय, तर फुटाणे. पेढा कमरेला चालत नाही म्हणून.

बुधवारी खातूनबी पातुरात परतली, तर दुपारीच माणिकबाई दारात हजर. नातवाचं तोंड कसं आहे, दूध पितो का, हे विचारून झालं आणि त्यांनी पिशवीतून कापड काढलं.

"पुतण्याचं लग्न हाय. नवा परकर शिव, अन् माप नवं घे. जुन्या वहीतलं नको. तीन गेले माहे, तीन!" आणि त्या आरशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या खूश, की त्यांच्या पाठीवरूनही ते कळत होतं.

खातूनबीनं हसत टेप घेतला, वेढा घातला. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

तिला वाटलं टेप सरकला. पुन्हा घेतलं. अठ्ठ्याण्णव. आणि मग तिची नजर स्वतःच्या डाव्या हातावर गेली. दोन बोटं टेपच्या आत, निवांत, आपल्या घरी बसल्यासारखी बसली होती. तिनं ती बाहेर काढली. टेप अंगाला टेकला आणि पंच्याण्णववर आला.

"किती आली वं?" आरशातून माणिकबाईंनी विचारलं.

"लिहून घेते," खातूनबी म्हणाली. तिनं कापडाची घडी करून ठेवली. माणिकबाई गेल्या, आणि ती ओसरीच्या पायरीवर बसून राहिली.

माणिकबाईंचे तीन सेंटीमीटर कुठेच गेले नव्हते. ते कधी नव्हतेच. सहाशे बारा बायकांच्या कार्डावर तिनं स्वतःची दोन बोटं लिहून ठेवली होती, आणि रागिणीनं पुस्तकाप्रमाणे मोजलं म्हणून ती गायब झाली, एवढंच. शिकवणीत डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जे हात शहाण्यासारखे वागले, ते बायकांच्या सोबतीत आले की बापाचं ऐकत होते.

खातूनबीला नोकरी जाण्याची भीती नव्हती असं नाही. पण खरी भीती वेगळी होती. तिच्या आयुष्यात नवरा लवकर गेला, पक्कं घर झालं नाही, लेक लांब पडली. एक गोष्ट मात्र तिची अशी होती की तिला कुणी हात लावू शकलं नाही. खातूनबीचं माप म्हणजे माप. आता तेच पुसलं जाणार होतं, आणि तेही माणिकबाईंच्या आनंदासकट. गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. दुसऱ्या फेरीतल्या उरलेल्या बायकांच्या वेळी बोटं आवरायची, की झालं. आकडे अजून सुंदर आले असते. हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला तासभर राहिला. उगाच कशाला लपवा?

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती अकोल्याला गेली. वर दोन्ही खोल्यांत उत्सव होता. विपुल तायडे संगणकासमोर बसले होते, डॉक्टर त्यांच्या मागे उभ्या, रागिणी चहा ओतत होती. खातूनबीनं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, थे तीन सेंटीमीटर माहे हायेत. बायायचे नाई."

कुणाला काही समजेना. तेव्हा तिनं टेप काढला, रागिणीला उभं केलं आणि दोन्ही प्रकारे मोजून दाखवलं. एकदा बोटं आत, एकदा बाहेर. दोन आकड्यांत तीनचा फरक आला.

"सगळ्या बायकांना असंच?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण जे होतं ते रागापेक्षा ऐकायला कठीण होतं.

"सगळ्यायले. मले मालूमच नोतं, मॅडम. अल्ला कसम."

विपुल तायडे डोक्याला हात लावून बसले. सहाशे बारा कार्डं म्हणजे वर्षाची मेहनत. ती फेकून द्यायची म्हणजे पुन्हा शून्यापासून. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी लहान मुलासारखा प्रश्न विचारला, "प्रत्येक वेळी तीच दोन बोटं?"

"बोटं काय बदलते का, साहेब, कोनाची?"

विपुल उठले. त्यांनी रागिणीला खाली पिटाळलं आणि साड्यांच्या दुकानातल्या मुली, शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सेस, जिन्यावर भाजी निवडत बसलेल्या कुणी सुभद्राबाई, अशा दिवसभरात तीस बायका जमवल्या. पलीकडच्या खोलीत रागिणीनं पुस्तकाप्रमाणे मोजायचं, अलीकडे खातूनबीनं अय्युब मास्तरप्रमाणे. कुणी कुणाचा आकडा बघायचा नाही. संध्याकाळी त्यांनी दोन्ही याद्या शेजारी लावल्या. तीसही बायकांत फरक तीनचा. जाडीत तीन, बारकीत तीन. कुठे एखादा केसभर इकडे, एखादा केसभर तिकडे.

"मॅडम," विपुल म्हणाले, "यंत्रसुद्धा इतकं सारखं चुकत नाही." अमरावतीला सगळं जसं घडलं तसं लिहून कळवायचं, अहवालात एक पान याच चुकीचं ठेवायचं, आणि ते मान्य झालं तर सहाशे बाराही कार्डांतून तीन वजा करायचे, असा मार्ग निघाला. मान्य होईलच याची खात्री त्यांनी दिली नाही.

डॉक्टर पौर्णिमांनी टेबलावरचं कार्ड उचलून खातूनबीच्या हातात दिलं. "बायकांना मात्र खरं सांगावं लागेल. त्या चाळीसजणींना केंद्रातर्फे पत्र पाठवते मी."

"कागद नको, मॅडम," खातूनबी म्हणाली. "बोटं माही, तोंड बी माहंच पाहिजे."

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी ती माणिकबाईंच्या अंगणात उभी होती. माणिकबाई तुरी पाखडत होत्या. खातूनबीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसली असती तर चहा आला असता आणि चहानंतर तिच्यानं बोलवलं नसतं. बोटांचं सांगितलं, अठ्ठ्याण्णवचं सांगितलं, पंच्याण्णवचं सांगितलं. माणिकबाईंचं सूप थांबलं.

"म्हंजे माही कंबर व्हती तेवढीच हाय?"

"हाव."

"सहा महिने चालली मी. सहा महिने पोयी नाई खाल्ली. आळीभर फुटाने वाटले म्या, खातूनबी! लोकं हासतीन मले."

"मले हासतीन, माणिकबाई. मी सांगते ना सगळ्यायले, घरोघरी जाऊन."

माणिकबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. खातूनबीनं पिशवीतून रक्ताचा कागद काढला. डॉक्टरांनी तो मुद्दाम दिला होता. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा आधी सहा दशांश चार होता, तो पाच दशांश नऊवर आला होता. "हे सुईनं काढलेल्या रगताचं हाय," ती म्हणाली, "यात माहा हात नाई." मॅडमनं सांगितल्याप्रमाणे तिनं समजावलं, की चालल्यानं कंबर घटली नाही तरी आतली साखर घटते, अन् खरं दुखणं आतल्या साखरेचं असतं. तरी माणिकबाई कागदाकडे बघेनात. सुपातले खडे निवडत राहिल्या. निवडायला खडे उरले नाहीत तरी निवडत राहिल्या.

"चालनं फुकट नाई गेलं म्हंते मंग," सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या.

"नाई गेलं."

"तू चालतं का?"

"मी?" खातूनबी गोंधळली. "माह्या कामातच चालनं हाय."

"कंबर किती हाय तुही?"

ती खातूनबीनं कधी मोजलीच नव्हती. ती आपला कुर्ता जुन्या कुर्त्यावरून बेतत असे. बत्तीस वर्षांत आणि वरच्या सहाशे बारा बायकांत, तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

माणिकबाई हात झटकून उठल्या. "आन तो टेप."

"काहून?"

"आन म्हनते ना. अन् उभी राह्य नीट."

त्यांना टेप धरता येत नव्हता. आधी उलटा धरला, मग खाली पाडला. मग त्यांनी सरळ दोन्ही हात पसरून खातूनबीला वेढा घातला, टेप मागे एका हातातून दुसऱ्या हातात घेता येईना म्हणून गाल तिच्या खांद्याला टेकवून चाचपडत राहिल्या. तुरीच्या फोलपटाचा वास, उन्हाची ऊब, आणि एका भरल्या अंगाच्या बाईचे दोन हात कमरेभोवती. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा आल्यागेल्यांनी जवळ घेतलं होतं. त्यानंतर खातूनबीला असं कुणी धरलं नव्हतं. ती सगळ्या पातूरला कवेत घेत फिरली, आणि तिला कुणी घेतलं नाही, हे तिला तोवर कळलंही नव्हतं.

"एकशे दोन!" माणिकबाईंनी जाहीर केलं. "अगं बह्याडे, मले अक्कल शिकोते अन् तू माह्यापेक्षा सात पुढं! उद्या साडेपाचले दाराशी येते मी." मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रडून काहून राहिली? शंभराच्या वर गेली म्हनून?"

खातूनबीनं ओढणीनं डोळे पुसले, पण हात तसेच बाजूला धरून ती उभी राहिली, हलली नाही.

"एकदा मापून होत नाई, माणिकबाई," ती म्हणाली. "आमच्या केंद्रात दोनदा घेते. पुन्हा घे."